मुकं बोट आणि उघडी फळी

डॉक्टर माझ्या उजव्या हाताशी काहीतरी करत होते आणि मी खिडकीबाहेरच्या सुरूच्या झाडांकडे बघत होते. "हाताकडे बघायचं नाही, बाई. टोचलं की सांगायचं," असं त्यांनी बजावलं होतं. मी वाट बघत बसले. बराच वेळ झाला तरी काहीच होईना, तेव्हा मीच म्हटलं, "टोचा ना. मी सांगते."

मी मान वळवून पाहिलं. अनामिकेच्या टोकाला, मधल्या पेरावर, शेजारच्या मधल्या बोटावर रक्ताचे बारीक थेंब उभे होते. टोचून झालं होतं. सुई त्यांनी ताटलीत ठेवूनही दिली होती.

"सेन्सेशन नाही," ते सिस्टरला म्हणाले. मग माझ्याकडे वळून समजावून सांगितलं. सेन्सेशन म्हणजे स्पर्शाची जाण. नर्व्ह म्हणजे ती जाण मेंदूपर्यंत नेणारी शीर. अंगठीच्या जागी जे भाजलं आहे ते कातडीच्या पार खाली गेलं आहे, नर्व्ह जळली असावी. त्याला थर्ड डिग्री बर्न म्हणतात. पहिल्या डिग्रीत कातडी लाल होते, दुसऱ्या डिग्रीत फोड येतात आणि माणूस ओरडतो. तिसरीत दुखायलाच काही उरत नाही.

"आता तीन गोष्टी होऊ शकतात," डॉक्टर म्हणाले. "बोट वाचेल आणि जाणही येईल. बोट वाचेल आणि जाण येणार नाही. किंवा सेप्टिक होईल, म्हणजे विष भिनेल, आणि मग बोटावर भागेल की हात काढावा लागेल ते आज सांगता येत नाही."

आमचे हे दाराशी उभे होते. त्यांच्या हातातून टोपी खाली पडली. मला मात्र काहीही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाच्या हाताबद्दल बोलताहेत. मनालाही तिसऱ्या डिग्रीचं काही झालं असावं.

हे सगळं लिहायला बसण्याचं कारण सांगते. मुंबईत घराघरांत वीज आली आहे. आमच्या नागावात अजून नाही, पण कुणी इंजिन आणतो, कुणी डायनामो आणतो, आणि आज ना उद्या तारा आमच्याही आळीत येतील. तेव्हा एखाद्या बाईला माझ्यासारखं होऊ नये, आणि झालंच तर मी घालवला तसा वेळ तिने घालवू नये, एवढ्यासाठी लिहिते.

आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. पूर्वी विहिरीवर रहाट होता आणि रहाटाला बैल. यांना यंत्रांचं भारी वेड. यांनी तेलावर चालणारं इंजिन आणलं आणि पंप बसवला. इंजिन दिवसभर फुकट फिरतं म्हणून त्याला डायनामो जोडला, म्हणजे फिरवलं की वीज तयार करणारं यंत्र. घरात दिवे लागले. आळीतली माणसं जेवणं आटोपून दिवे बघायला येत. सासूबाई त्यांना सुपारी देत आणि सांगत, "आमच्या पोराने काजवे पकडून ठेवलेत."

या विजेची सगळी वाटणी पडवीतल्या एका सागवानी फळीवर होती. फळीवर बटणं, चिनी मातीच्या खोबणी आणि तांब्याच्या उघड्या पट्ट्या. फळीवर लाकडी पेटी होती आणि पेटीला दार होतं. आम्ही तिला नुसतं बोर्ड म्हणायचो.

आता आमच्या घरची रीत. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होते. कोयता, विळा, अडकित्ता, पाटा-वरवंटा, आणि इंजिन आल्यापासून इंजिन. त्या सकाळी इंजिन थांबवायचं, धुवायचं, झेंडूची माळ घालायची. मग बोर्डाची पाळी. सासूबाई विधवा, त्यामुळे हळदकुंकू लावायचं ते मी. त्या माजघराच्या उंबऱ्याआड उभ्या राहून कुठे काय लावायचं ते सांगायच्या. हात माझा, हुकूम त्यांचा.

बोर्डाच्या दारावर कुंकू लावलेलं त्यांना चालायचं नाही. "दाराला काय लावतेस गो? देव आत हाय. तांब्याला लाव," असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं मी दार उघडून तांब्याच्या पट्ट्यांना अनामिकेने हळदकुंकू लावलं. काही झालं नाही. होणार कसं? इंजिन बंद, म्हणजे डायनामो बंद, म्हणजे फळीत वीजच नाही.

त्या साली मात्र घरात बॅटरी आली होती. काचेच्या मोठाल्या बरण्या, त्यांत तेजाब आणि शिशाचे पत्रे. दिवसा इंजिन चालताना त्या वीज भरून घेत आणि इंजिन थांबल्यावर रात्री दिवे चालवत. सासूबाई म्हणायच्या, "लोणचं घातलंय विजेचं. मुरेल तसं खायचं." बॅटरीसाठी बोर्डावर नवा मोठा खटका बसवला, आणि तो इतका पुढे आला की पेटीचं जुनं दार लागेना. दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. नवं करायचं होतं. सुपारीची काढणी झाली की करू, असं ठरलं.

रात्री इंजिन बंद असताना दिवे लागतात हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. रोज त्याच उजेडात जेवत होतो. पण पूजा होती सकाळी. एकही दिवा लागलेला नव्हता आणि विहिरीवर इंजिन गप्प होतं. यांनी माळ घालून हात धुतले आणि म्हणाले, "इंजिन थांबवलंय, लाव आता." सासूबाई म्हणाल्या, "तांब्याला लाव गो." जे दोन वर्षं केलं तेच तिसऱ्या वर्षी केलं. यात कुणाला दोष द्यायचा? मी तिघांनाही सारखा वाटून दिला आहे.

मी ओलेती होते. पडवी नुकती सारवलेली, पाय अनवाणी. बोट ओल्या हळदीत बुडवलं, मग कुंकवात, आणि दोन पट्ट्यांच्या मधोमध टेकवलं. अनामिकेत माझ्या आईने दिलेली सोन्याची अंगठी होती. अंगठीची एक बाजू एका पट्टीला लागली, दुसरी दुसरीला. बरण्यांत साठलेली सगळी वीज त्या अंगठीतून धावली.

फाट्‌कन आवाज झाला आणि डोळ्यांपुढे पांढरं पांढरं झालं. मी खाली पडले नाही की किंचाळले नाही. वास आला, तो मला अजून ओळखता येतो. कुंकवाचा करंडा जमिनीवर सांडला होता, तो उचलायला वाकले. तो बोटांतून निसटला. परत उचलला, परत निसटला. हे ओरडत होते, "लागलं का? लागलं का?" आणि मी म्हणाले, "नाही हो, काही नाही. दुखत नाही."

हेच वाक्य पुढे माझ्या मुळावर आलं. दुखत नाही म्हणजे थोडक्यात निभावलं, असं आम्ही धरलं. अंगठी अर्धी वितळून बोटात रुतली होती आणि तिच्याखाली पांढरट, मग करडा पट्टा होता. सासूबाईंनी खोबरेल लावलं. शेजारणीने शाई ओतायला सांगितली, तीही ओतली. कोरफड झाली. मी डाव्या हाताने दसऱ्याचा स्वयंपाकही केला. पट्टा काळा पडला, बोट सुरणासारखं फुगलं, आणि मनगटापर्यंत लाली चढली, तेव्हा यांनी टांगा जोडला आणि आम्ही अलिबागच्या इस्पितळात आलो.

डॉक्टरांनी शाई बघितली आणि सासूबाईंकडे बघितलं. "आजी, हे कुणी केलं?"

"मी केलं," सासूबाई म्हणाल्या. "घरात जे होतं ते केलं."

त्यांनी बारीक करवतीने अंगठी कापून काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. मग धनुर्वात होऊ नये म्हणून सिरमची सुई टोचली. ती दंडाला टोचली आणि मला दुखलं. दुखलं म्हणून किती बरं वाटलं, हे तिथे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

बायकांच्या खोलीत मला खिडकीकडची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर थेरोंड्याची कोळीण होती, जानकी तिचं नाव. जाळं सोडवताना हातात शिंगाळ्याचा काटा घुसला होता आणि तळहात पिकला होता. ती दिवसभर विव्हळायची, देवाला, माशाला आणि नवऱ्याला आळीपाळीने शिव्या घालायची. मी तिच्याकडे बघत पडून राही. मला तिचा हेवा वाटत होता.

एकदा मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, ते तिने ओळखलं.

"बाय, तुझा हात दुखतंय?"

"नाही."

"दुखत नाय? मंग रडतंस कशाला गो? माझा हात घे. घे, घे, दोनी हात घे!"

मला हसू आलं. इस्पितळात आल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने आपल्या चांगल्या हाताने माझा पांढऱ्या पट्ट्यांतला हात उचलून मांडीवर घेतला. तो मला दिसत होता, लागत नव्हता. आपलाच हात दुसऱ्याच्या मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडलेला बघणं किती विचित्र असतं, ते ज्याच्यावर आलं आहे त्यालाच कळेल.

रोज सकाळी ड्रेसिंग, म्हणजे जखम धुऊन औषधाची पट्टी बदलणं. ते करायच्या रिबकाबाई. त्या रेवदंड्याच्या, आमच्याकडच्या शनिवार तेली, म्हणजे ज्यू लोकांपैकी, बोलायला अगदी घरच्या. इतर बायका ड्रेसिंगच्या वेळी ओरडून खोली डोक्यावर घेत. मी शांत बसायची. नवीन आलेली एखादी म्हणायची, "काय धीराची बाई!" रिबकाबाई माझ्याकडे बघायच्या आणि मान खाली घालून काम करायच्या. त्यांना ठाऊक होतं की यात धीराचं काही नव्हतं.

लाली वर सरकायला लागली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हातावर शाईने एक रेघ काढली, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. "लाली या रेघेच्या खाली राहिली तर आपण थांबू," ते म्हणाले. "वर गेली तर मी थांबणार नाही. मग हाताचा विचार करायचा नाही, बाईचा करायचा." हे वाक्य त्यांनी यांना उद्देशून म्हटलं. मी समोरच होते.

मी यांना विचारलं, "उजवाच हात ना?" जसं काही त्यांना ठाऊक नव्हतं. उजव्या हाताने मी काय काय करते ते मनात मोजत गेले आणि मधेच सोडून दिलं. सुपारी सोलणं, नारळ खवणं, वेणी घालणं, यांना वाढणं. ओवाळणं. एका हाताच्या बाईने ओवाळायचं कसं? असलेच काहीतरी प्रश्न यायचे. मरणाचा विचार मात्र आला नाही. त्यालाही कदाचित आत यायला जागा सापडत नसावी.

हे खाटेजवळ स्टुलावर बसून राहिले. एरवी पंपाचा पट्टा जरा करकरला तरी उठून धावणारा माणूस, तो हलला नाही. त्या रेघेकडे बघत बसायचे. मी डोळे मिटले की विचारायची, "कुठे आहे?" आणि हे सांगायचे, "रेघेच्या खाली आहे."

"नक्की?"

"दोन बोटं खाली आहे."

एकदा यांना उत्तर द्यायला उशीर झाला. मी डोळे उघडले. लाली रेघेला टेकली होती. यांच्या ओठांवर रंग नव्हता. हे म्हणाले, "मी सांगितलं लाव म्हणून. मी सांगितलं." मी म्हटलं, "सासूबाईंनीही सांगितलं, आणि मीही लावलं. आता रिबकाबाईंना बोलवा." याहून प्रेमाचं काही बोलायला हवं होतं, पण आत काही सापडेना.

डॉक्टरांनी फुगलेल्या जागी चिरा दिल्या. पू निघाला. चिरा देताना मी बघत होते, कारण न बघण्याचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी लाली रेघेवरून खाली आली. मग आणखी खाली. रिबकाबाईंनी जुन्या रेघेखाली नवी रेघ काढली, आणि तिच्याखाली आणखी एक. माझा हात शाळेतल्या पाटीसारखा दिसायला लागला. जानकी म्हणाली, "भरती सरली गो बाय, आता ओहोटी लागली." ती त्याच आठवड्यात हात बांधून घरी गेली, आणि जाताना इस्पितळाच्या पायरीवर पुन्हा एकदा शिंगाळ्याला शिवी दिली.

काळा पट्टा हळूहळू सुटला. मेलेली कातडी जिवंत मासापासून आपोआप वेगळी होते, तिला स्लफ म्हणतात, ती ओढून काढायची नसते, वाट बघायची असते. बोट वाचलं. बारीक झालं, अंगठीच्या जागी आवळल्यासारखं झालं, नीट मिटेना. पण वाचलं. बोटाला, शेजारच्या मधल्या बोटाला आणि खालच्या तळहाताला जाण मात्र नव्हती.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, "नर्व्ह मेली असेल तर मेली. नुसती भाजली असेल तर परत वाढते. पण फार हळू, तुमच्या नखापेक्षा हळू. वर्ष लागेल. मी वचन देत नाही."

मी विचारलं, "वाढते आहे हे कळणार कसं?"

"मुंग्या येतील, झिणझिण्या येतील. आणि एक दिवस दुखेल. ज्या दिवशी त्या बोटाला खरंखुरं दुखेल, त्या दिवशी मला पेढे पाठवा."

घरी आलो तर पडवीत कंदील टांगलेले. यांनी बरण्यांच्या तारा तोडून टाकल्या होत्या आणि बोर्डावर गोणपाट घातलं होतं. इंजिन फक्त पंपापुरतं. वीज परत घरात घ्यायची नाही, असं यांनी ठरवून टाकलं होतं. मला त्याचं बरंही वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही.

त्या दिवसांबद्दल इतर पुस्तकांत लिहितात तसं मला लिहिता येणार नाही. जो हात बरा झाला म्हणून सगळे आनंदात होते, तो मला परका होता. मुका हात दुखऱ्या हाताहून वाईट, हे लोकांना पटत नाही. दुखरा हात निदान सांगतो की मला सांभाळ. एकदा मी भाकरी उलटत होते. जळका वास आला. मी म्हटलं, भाकरी करपली. सासूबाई ओरडल्या, "अगो हात! हात!" माझी दोन बोटं तव्यावर टेकलेली होती. मला पत्ताच नाही. मी बोटं उचलली आणि बघत राहिले.

त्या दिवशी सासूबाईंनी मला चुलीपासून उठवलं. अडकित्ता आणि विळीही काढून घेतली. "एवढी म्हातारी झाले, आता मीच करते परत," म्हणाल्या. मी पडवीत बसून राहू लागले. संध्याकाळ होऊन कंदील लागायचा, त्याचा धूर वर गोणपाटावर जायचा.

मग एक दिवस सासूबाईंनीच तोंड उघडलं. हे कंदिलाची काच पुसत होते. त्या म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी देतोस काय रे? विजेने काय केलं? ती आपली तांब्यात बसलेली. उघडं कुणी ठेवलं तिला? आपण. विहिरीत गाय पडली म्हणून कुणी विहीर बुजवतं का? कठडा बांधतात."

"मला नको ती वीज, आई," हे म्हणाले.

"तुला नको असेल. हिच्या हाताला दिसत नाय, मग डोळ्यांना तरी दिसूं दे. कंदिलाच्या अंधारात चुलीशी बसवणार हायस तिला?"

मला मात्र त्या वाक्यावर रडू फुटलं. हाताला दिसत नाही, हे कुणीतरी बरोबर सांगितलं होतं.

त्यानंतर बोर्डाचं जे काम यांनी केलं ते सविस्तर सांगते, कारण माझ्या सगळ्या हकिगतीत उपयोगाचं असेल तर एवढंच आहे. आधी प्रत्येक उघड्या पट्टीवर चिनी मातीची टोपी बसवली. एक बटण पूर्वी काढून टाकलं होतं, तिथे नुसतं भोक होतं आणि आत तांबं दिसायचं. ते भोक लाकडी खुंटी ठोकून बंद केलं. वापरात नाही म्हणून उघडं राहिलेलं भोकच जास्त वाईट, कारण तिकडे कुणाचं लक्षच नसतं. मग गावच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचं नवं दार करून घेतलं. खटक्याचा दांडा दाराच्या खाचेतून बाहेर येतो, आणि दांडा खाली ओढून बरण्यांची वीज तोडल्याशिवाय दार उघडतच नाही. घाई असो, नवस असो, नवमी असो, दार ऐकत नाही. एवढं झाल्यावरच यांनी बरण्यांच्या तारा परत जोडल्या आणि घरात दिवे लागले.

आणि सगळ्यात शेवटी यांनी पडवीच्या खुंटीला एक सुकी वेळूची काठी अडकवली. कुणी विजेला चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही, सुक्या लाकडाने दूर ढकलायचं, असं यांना कुणी जाणत्याने सांगितलं होतं. हे ती काठी आम्हाला उगाच काढून काढून दाखवायचे.

पाऊस गेला, भात पिकलं, वाडीत सुपारी पिवळी पडली. बोटांत मधूनमधून मुंग्या आल्यासारखं वाटे, पण मन फसवतं म्हणून मी कुणाला बोलले नाही. यांनी दर आठवड्याला सुई टोचून बघायचं सुरू केलं होतं. मी "नाही" म्हणायची आणि यांचा चेहरा उतरायचा, म्हणून शेवटी मीच ते बंद करायला लावलं.

खंडेनवमी आली. इंजिन थांबलं, धुतलं, माळ चढली. मग बोर्डाची पाळी आली. यांनी खटका खाली ओढला, वर करून बघितला, पुन्हा खाली ओढला. मी कोरडं लुगडं नेसले होते आणि पाटावर उभी होते. अंगठी नव्हती. ती अजून सासूबाईंच्या पेटीत होती.

मी दार उघडायला हात पुढे केला तोच उंबऱ्याआडून आवाज आला, "उघडूं नको. दाराला लाव."

मी वळून पाहिलं. "देव आत आहे म्हणायचात ना?"

"देवळाचं दार लागलं म्हणून देव उठून जातो काय?" सासूबाई म्हणाल्या. "बाहेरून लाव. त्याला पोचतं."

कुठल्या हाताने लावायचं, हे मी मनात ठरवलं नव्हतं. डावा चालला नसता, आणि उजवा हात, ते बोट, तिथे न्यायला धजत नव्हता. शेवटी अनामिकाच पुढे केली. हळदीत बुडवली, कुंकवात बुडवली. ओली हळद लागली की नाही ते कळेना, डोळ्यांनी बघून घेतलं. दाराच्या कडेला सुताराने नीट रंधा मारलेला नव्हता. मी बोट टेकवलं आणि वरून खाली ओढलं.

"आई गं!"

पुढचं सगळं एकदम झालं. सासूबाई किंचाळल्या. यांनी खुंटीवरची काठी ओढली आणि माझ्या मनगटावर अशी हाणली की मी पाटावरून खाली आले. करंडा पुन्हा सांडला. हे काठी उगारून माझ्यात आणि बोर्डात उभे राहिले आणि ओरडले, "हात लावू नकोस! कुणी हात लावू नका!"

"अहो, थांबा!" मी खाली बसूनच म्हटलं. "वीज नाही. कूस गेली. लाकडाची कूस."

"कुठे?"

मी अनामिका वर धरली. पेराच्या खाली फणसाच्या लाकडाची बारीक पिवळी कूस कातडीत शिरली होती आणि तिच्याभोवती रक्ताचा थेंब जमत होता. मी स्वतःच त्याकडे बघत होते, आणि बघता बघता मला कळलं की मी ओरडले ते डोळ्यांनी बघून नव्हे. बोट ठणकत होतं. आतून, नीट, जागच्या जागी ठणकत होतं.

"दुखतंय," मी म्हणाले. "अहो, याच बोटाला दुखतंय!"

यांच्या हातातली काठी खाली आली. हे तिथेच माझ्यासमोर सांडलेल्या कुंकवात बसले. सासूबाई उंबरा ओलांडून पडवीत आल्या. पूजेच्या वेळी त्या कधीच पुढे येत नसत, त्या दिवशी आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि नाकाशी नेऊन बघितला. मी हुंदके देत होते आणि हसतही होते.

"सुई आण रे," त्या यांना म्हणाल्या. "कूस काढूं दे आधी. मग पेढ्यांचं बघ."

हे उठायला लागले. मी हात मागे घेतला आणि छातीशी धरला.

"आत्ता नका काढू," मी म्हणाले. "थोडा वेळ राहू दे."